फक्कीच्या डब्यातली दाराकडची जागा

मुर्ध्याच्या इंदुबाईची एका गाडीत जागा होती. दाराकडची, वाऱ्याची, पाठ टेकायला भिंत असलेली. फक्त गाडी नव्हती.

पूर्वी होती. भाईंदरवरून खाडीच्या कडेकडेने मुर्धा, राई करत मिठागरांपर्यंत एक लाईन जायची. मिठाची लाईन बोलायचे तिला. पुढे मिठाचे उघडे वॅगन, मागे माणसांचा एक डबा आणि सगळ्यात शेवटी टोपल्यांचा डबा. टोपल्यांच्या डब्यात सीट-बिट काही नाही. कोळणींनी खाली बसायचं, टोपली पुढ्यात घ्यायची. पण कुणी कुठे बसायचं ते पक्कं ठरलेलं. मार्केटात ओट्यावरची जागा जशी सासूकडून सुनेकडे जाते, तशी डब्यातली पण जायची.

चौक गावावरून इंदुबाई लग्न होऊन आली, तेव्हा सासूने अंगावर सोनं काय फार घातलं नाही. हळद उतरली तसं तिला टोपल्यांच्या डब्यात नेलं. गाडी हलली, सासू दारातून उठली, सुनेला तिथे खाली बसवली आणि बोलली, "आजपासून ही जागा तुजी. सोडलीस तर तंगडी मोडीन."

रिवाजच तो. गाडी चालती पाहिजे आणि सून बसलेली पाहिजे. उभ्या गाडीत दिलेली जागा कुणी मानत नाही, उभ्या सुनेला दिलेली पण नाही. आणि एका शिमग्यापासून दुसऱ्या शिमग्यापर्यंत जी जागा रिकामी राहील, ती बसेल तिची.

इंदुबाईने दारातला वारा थोडीच वर्षं खाल्ला. मिठागरं बंद पडायला लागली आणि मिठाशिवाय मिठाची लाईन कशाला चालवायची म्हणून गाडी पण बंद केली. रुळांवर आधी गवत आलं, मग म्हशी आल्या, मग बिल्डर आले. इंदुबाई टोपली घेऊन रस्त्यावर आली. बसवाला बोलायचा, ओली टोपली चालणार नाही. रिक्षावाला लांबूनच हात हलवायचा, "मौसी, मच्छी नहीं."

"मच्छी कुठं हाय रं? ये सब पॅसेंजर है," इंदुबाई बोंबलांवरचं फडकं वर करून दाखवायची. "सो गये है, तुम्हारा वाट बघके."

असं करत करत तिने पोरगा वाढवला, घरावर स्लॅब टाकला आणि गुडघे घालवले.

मग एके दिवशी लाईनवाल्यांनी जाहीर केलं की मिठाची लाईन परत चालू होणार, पॅसेंजर गाडी सुटणार. गावात फटाके फुटले. इंदुबाईचा नवरा लीलाधर ओट्यावर जाळं सांधत बसलेला. तो मान वर न करता बोलला, "आताच सगले फटाके उडवा. गारी येल तवा तोंडानं आवाज कारा."

लाईनवाल्यांनी सगळ्यात आधी प्लॅटफॉर्म बांधला. रुळांवर अजून एका सोसायटीच्या गाड्या पार्क होत होत्या, पण प्लॅटफॉर्म एकदम टकाटक. पत्र्याची शेड, पंखे, 'मुर्धा हॉल्ट' अशी तीन भाषांत पाटी. तिकीट खिडकी पण बांधली. त्या खोलीला दार ठेवायचं तेवढं राहिलं, त्यामुळे आत कुणाला जाता येत नव्हतं. पण खिडकी छान होती.

तारीख आली आणि गेली. आधी कारण होतं तिवरं, ती तोडायची परवानगी नव्हती. मग त्या पार्किंगवाल्या सोसायटीने रुळांवर गणपती बसवला, आणि बसलेल्या देवाला उठवणार कोण? गणपती गेले तर त्याच मांडवात देवी बसली. मग एका टॉवरचा पोहायचा तलाव बरोबर लाईनीवर निघाला. त्यातलं पाणी काढलं, तर रोज पोहणारे पाच-सहा काका कोरड्या तलावात चटया टाकून उपोषणाला बसले, अंगात पोहायच्या चड्ड्या, डोळ्यांवर गॉगल.

दर तारीख चुकली की गुणवंत साहेब यायचा. लाईनीचा हा छोटा साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मनाने चांगला. तो नवीन तारीख सांगायचा आणि तिच्या नावाने नारळ फोडायचा. बाया त्या खोबऱ्याची चटणी करायच्या. चटणी संपली की समजायचं, पुढची तारीख चुकायला आली.

असं चाललेलं असताना शिमगा जवळ आला आणि विमलाबाईने बॉम्ब टाकला. विमलाबाई गावातली सगळ्यात जुनी कोळीण. जागांचा निवाडा तिच्याकडे. तिने बायांना जमवलं आणि बोलली, "गारी न्हवती, तवर जागा पन न्हवती. मंग ती रिकामी कशी पराल? बरोबर? पन आता गारी जाहीर झाली. म्हंजे जागा हाय. आनि कोन बसलंय का तिच्यावर?"

कुणी बसलं नव्हतं.

"मंग रिकामी हाय. शिमगा झाला का बसंल तिची."

बाया हादरल्या. सगळ्यात जास्त हादरली इंदुबाई. कारण सरूबाई तेव्हापासून प्लॅटफॉर्मच्या आजूबाजूला फिरताना दिसायला लागली.

ही सरूबाई रत्नागिरीकडची. नवरा महिपत कंपनीत वॉचमन, स्वतः कोकम, कुळथाचं पीठ, तिरफळं विकायची. तिच्या सासूचं मिठाच्या गाडीत काही नव्हतं, सासूने जन्मात गाडी बघितलेली ती फक्त एसटी. पण सरूबाई भांडायला पक्की. "गाडी सरकारची नि जागा तुमच्या सासवांची? ह्यो कुठला न्याय?" ती बोलायची. "मी पण टोपलीच उचलते ना? का माझ्या टोपलीला चाकं हायत?"

इंदुबाईने त्या दिवशी पोराला झोपेतून उठवला. तिचा राज टुर्नामेंटच्या ग्राउंडवर फक्की मारायचं काम करतो, घरात पांढऱ्या फक्कीची गोणी कायम. "ऊठ," ती बोलली. "मना गारी काढून दे."

राजने मुर्धा हॉल्टच्या प्लॅटफॉर्मवर फक्कीने टोपल्यांचा डबा आखला. विमलाबाई बाजूला उभी राहून सांगत होती, इथे भिंत, इथे कोपरा, इथे दार. आखून झाला तशा बाया आपापल्या सासूच्या जागेवर जाऊन बसल्या, टोपल्या पुढ्यात घेऊन. सरूबाईचा आरडाओरडा थांबेना, म्हणून विमलाबाईने तिला पार दुसऱ्या टोकाचा कोपरा दिला, नाक भिंतीला लागेल असा. जागा वाचल्या.

पण जागा वाचवायला रोज यायचं, आणि रोज आल्यावर नुसतं बसून करणार काय? टॉवरमधल्या बाया बाल्कनीतून बघायच्या, खाली यायच्या, भाव विचारायच्या. थोड्याच दिवसांत त्या फक्कीच्या डब्यात मुर्ध्यातला सगळ्यात चालू बाजार भरायला लागला. नियम कडक. गिऱ्हाइकाने दारातून आत यायचं. कुणी भिंत ओलांडून आलं की सगळा डबा ओरडायचा, "ओ मॅडम! दार तिकडे आहे!" मॅडम बिचाऱ्या सॉरी बोलून वळसा घालून यायच्या. दारातून आलं की पहिली टोपली इंदुबाईची, म्हणजे पहिली विक्री तिची. आणि सरूबाईने पाय लांब केले की इकडून इंदुबाई खेकसायची, "सरू, भिंतीतनं पाय काढ!"

"दिसत नाय भिंत मला."

"तुना गारी तरी दिसतंय का? तरी बसलीस ना?"

पावसात फक्की वाहून गेली, तर राजने ऑइलपेंट मारला.

गुणवंत साहेबाने हे बघितलं आणि त्याने कपाळाला हात लावला. "मावशी, हा प्लॅटफॉर्म आहे. इथे फक्त पॅसेंजरने बसायचं."

"मंग आमी कोन? आमी गारीची वाट बघतंव."

"वाट बघताना मच्छी विकायची नसते."

"मंग काय करू? झोपू?"

गुणवंतने खिशातून वही काढली. वरून ऑफिसचा आदेश आलेला, प्रत्येक हॉल्टवर किती पॅसेंजर गाडीची वाट बघतात ते मोजून कळवा. त्याने प्रामाणिकपणे मोजलं. कोळणी, त्यांची गिऱ्हाइकं, गिऱ्हाइकांची पोरं, मांजरांकडे बघत उभी राहिलेली माणसं. आकडा वर गेला तसे वरचे लोक चक्रावले. न धावणाऱ्या गाडीला एवढी गर्दी? मग ही छोटी गाडी पुरणार नाही, मोठी पाहिजे. मोठी गाडी तर प्लॅटफॉर्म लांब पाहिजे. लांब प्लॅटफॉर्मला पुन्हा परवानगी पाहिजे. गाडी एका झटक्यात दोन वर्षं पुढे गेली, कारण बाया तिची वाट बघत होत्या.

"तुम्ही वाट बघायचं थांबवलंत ना मावशी, तर गाडी लवकर येईल," गुणवंत काकुळतीला येऊन बोलला.

"आनि जागा?" इंदुबाईने विचारलं.

तिचा सगळा जीव तिथेच अडकलेला. गुडघ्यांनी सांगून ठेवलेलं, आता फार दिवस खाली बसणं जमायचं नाही. डॉक्टर पण तेच बोलला, खुर्ची वापरा. डब्यात खुर्ची? जागा सुनेच्या हातात द्यायची वेळ झालेली, आणि द्यायची तर गाडी चालती पाहिजे. चालत्या गाडीत सून बसवायच्या आधी इंदुबाईचे गुडघे गेले, तर जागा कुणाचीच नाही. म्हणजे सरूबाईची.

त्यात सून दिशा. गोडदेव गावची पोरगी, भाईंदरला मोबाईलच्या दुकानात काऊंटरवर, गळ्यात आयकार्ड. मासे खायला एक नंबर, विकायचा कधी विचार पण केला नाही. "आई, मला ही जागा नको असं नाही," ती बोलायची. "पण ती आहे कुठे? मी मैत्रिणींना काय सांगू, सासूने काय दिलं? ऑइलपेंट?"

"दार दिलंय तुना. लोकांच्या सासवा कोपरा पन देत न्हाय."

आणि मग एका शुक्रवारी, तारीख वगैरे काही जाहीर न करता, गाडी आली.

रूळ एकदाचे मोकळे झालेले, आणि ही नुसती ट्रायलची गाडी होती. गुणवंत आदल्या दिवशी सांगायला आलेला, पण आजपर्यंत त्याने एवढ्या वेळा सांगितलेलं, की बायांनी फक्त विचारलं, "नारळ आनलास का?" सकाळी बाजार भरलेला, आणि खाडीच्या बाजूने पोंऽऽ करून भोंगा वाजला. कुणी उठलं नाही. उठलं तर जागा जाईल.

नवीकोरी, चकचकीत गाडी, सगळ्या काचा बंद, आत एक पण माणूस नाही. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या बाजूला गुणवंत. ती हळूहळू येऊन थांबली. टिंग टिंग वाजलं आणि एकच दार आपोआप उघडलं.

बरोबर सरूबाईच्या कोपऱ्यासमोर.

सरूबाईने मान वळवून उघडं दार बघितलं, आतला थंड वारा तिच्या तोंडावर आला, आणि ती जी हसायला लागली ती थांबेना. "अगो बाय माझे! दार माझ्याकडं आलं! मी काय बोलावलं नाय हां, आपल्या पायानं आलं!"

इंदुबाई ओरडली, "ए गुणवंता! गारी मागं घे! माज्यासमोर लाव!"

गुणवंतने खिडकीतून डोकं काढलं. "मावशी, ट्रायल आहे! थांबायची जागा फिक्स आहे!"

"माजी पन फिक्स हाय! तुज्या जन्माच्या आगूदरची!"

तो भला माणूस. त्याने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरने थोडी मागे घेतली, तर दार तिकीट खिडकीसमोर गेलं. पुढे घेतली, तर परत सरूबाई. तिसऱ्यांदा ड्रायव्हर बोलला, "साहब, ये गाडी है, झूला नहीं है."

आता सगळ्या माना विमलाबाईकडे. तिने तंबाखू मळली, दाढेत धरली, एकदा ऑइलपेंटचं दार बघितलं, एकदा खरं दार बघितलं आणि निवाडा दिला. "इंदूची जागा फरशीवर न्हाय. दारात हाय. दार जिथं जाल, इंदू तिथं जाल."

"मी नाय उठत!" सरूबाईने कोकमाची टोपली दारासमोर ओढली आणि वर स्वतः आडवी बसली. "जा माझ्या अंगावरनं!"

इंदुबाईला घाई झाली. गाडी आज आलीये, परत कधी येईल देवाला माहीत. ती उठायला गेली तर गुडघ्यांनी नाही सांगितलं. तिने हाक मारली. दिशा कामावर जायच्या आधी जेवणाचा डबा द्यायला आलेली, खांद्याला पर्स, गळ्यात आयकार्ड.

"दिशा गो! पोरी! उचल टोपली! सरूच्या वरनं टांग टाक आनि आत ठेव! जागा धर!"

"आई, मला लेट होतंय!"

"मना पन लेट झालाय! लगीन झाल्यापासून!"

दिशाने सासूच्या तोंडाकडे बघितलं. मग काय झालं तिला कोण जाणे, तिने ड्रेस खोचला, सुक्या बोंबलांची टोपली कमरेला लावली, दोन पावलं मागे गेली आणि सरूबाई, कोकम, कुळीथ सगळं एका ढांगेत पार करून गाडीत शिरली. प्लॅटफॉर्मवर शिट्ट्या पडल्या.

टिंग टिंग. एक बाई तीन भाषांत गोड आवाजात बोलली, दरवाजे बंद होत आहेत. आणि झाले.

"अरे!" सरूबाई बोलली.

काचेच्या मागे दिशाचं तोंड उघडं, पण आवाज येत नव्हता. ती काचेवर हात आपटत होती. गाडी हलली. गुणवंत पुढे बसलेला, त्याला काही कल्पना नाही. मिठाच्या लाईनीची इतक्या वर्षांनी परत सुरू झालेली पॅसेंजर गाडी भाईंदरकडे निघाली, आत एक पॅसेंजर आणि एक टोपली बोंबील.

राज चप्पल टाकून रुळांवरून धावला. लीलाधर जाळं सोडून आला आणि बायकोला बोलला, "सुनेला कुठं पाठवलीस?"

इंदुबाईला ऐकायलाच येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच चक्र. गाडी चालती. सून आत. दारात. पण बसली का उभी? सगळ्यांनी बघितलेलं, गाडी सुटताना दिशा उभी होती. काचेवर हात आपटणारी बाई बसलेली नसते.

सरूबाईला पण तेच सुचलेलं. "उभी होती," ती बोलली. "मी बघितली. चालली जागा!"

विमलाबाईने काही मत दिलं नाही. बोलली, "पोरगी येवदे."

दुपार झाली. कुणी घरी गेलं नाही. मासळी तशीच. गिऱ्हाइकं पण थांबली, टॉवरच्या मॅडम बाल्कनीतून खुर्च्या घेऊन खाली आल्या आणि डब्याच्या बाहेर बसल्या. शेवटी रिक्षा आली. आधी गुणवंत उतरला, हेल्मेट हातात, तोंड सुकलेलं. मग दिशा, केस विस्कटलेले, टोपली कमरेला. रिक्षावाला नाकाला रुमाल लावून होता.

"ट्रायल फेल," गुणवंत बोलला. "रिकाम्या गाडीची ट्रायल होती आणि आत पॅसेंजर निघाली. सगळं पहिल्यापासून करायचं. आणि एसीतून बोंबलांचा वास जात नाहीये, गाडी धुवायला पाठवलीये. कधी येईल माहीत नाही."

कुणी त्याच्याकडे बघितलं पण नाही. इंदुबाईने सुनेचा हात धरला.

"बसलेलीस का उभी व्हतीस?"

दिशाने सगळ्या बायांकडे बघितलं, मग सासूकडे. "बसलेली."

"कुठं?"

"खाली. दारात. टोपली पुढ्यात घेऊन."

"खोटं!" सरूबाई ओरडली. "ए साहेबा, तू सांग!"

गुणवंतने मान खाली घातली. "बसल्या होत्या. कॅमेऱ्यात दिसलं तसा मी मागे गेलो. बोललो, सगळ्या सीट रिकाम्या आहेत, सीटवर बसा. ऐकायला तयार नाहीत. भाईंदर येईपर्यंत खाली, दाराला पाठ लावून."

"मुर्धा सुटल्यावर लगेच बसली," दिशा बोलली. "सीटवर बसली असती तर घरात घेतलं असतं का मला?"

विमलाबाईने तंबाखू थुंकली. "गारी चालती, सून बसलेली. जागा दिशाची."

बायांनी गलका केला. कुणी दिशाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, कुणी तिच्या पर्समध्ये बोंबील कोंबले. इंदुबाई रडली, लीलाधरला एक चापट मारली, परत रडली. गुणवंतने सवयीने पिशवीतून नारळ काढला. दिशाचा त्या दिवसाचा पगार कापला गेला आणि मोबाईलच्या दुकानात दोन दिवस तिच्या काऊंटरवर कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिशा कामावर गेली. इंदुबाई टोपली घेऊन प्लॅटफॉर्मवर आली, ऑइलपेंटच्या दारातून आत शिरली आणि खाली बसायला वाकली. वाकली आणि तशीच थांबली. डबा बघत होता.

"कुठं बसतेस?" कोपऱ्यातून सरूबाई बोलली. "ती जागा तुझी नाय आता. तूच दिलीस."

खरंच होतं. इंदुबाई गुडघ्यांवर हात ठेवून विचार करत राहिली. मग तिने पदरातून मोबाईल काढला आणि फोन लावला. तिकडे दुकानात कुणीतरी रिचार्ज मागत होतं, ते सगळ्या डब्याला ऐकू आलं.

"दिशा गो, तुज्या जागंवर बसू का?"

"काय? आई, कस्टमर आहे. बसा ना."

"परवानगी हाय ना?"

"आहे, आहे. बसा. आणि खुर्ची घ्या, ती माझी जागा आहे, मी सांगते खुर्ची घ्या."

इंदुबाईने फोन आत ठेवला आणि राजला खुर्ची आणायला पिटाळला. मुर्ध्याच्या डब्यात आजपर्यंत कुणी खुर्ची टाकलेली नव्हती. सरूबाईने तोंड उघडलं, विमलाबाईकडे बघितलं. विमलाबाई तंबाखू मळत राहिली. मालकिणीने सांगितलेलं, त्यात पंचाने काय बोलायचं?

टॉवरमधल्या एक मॅडम दारातून आत आल्या. "मावशी, आज वर बसलात? बोंबील कसे दिले?"

"मी बदलीवर हाय," इंदुबाई पाय सोडून आरामात बोलली. "भाव मालकिनीला इचारावा लागंल."

आणि तिने परत फोन लावला.